गाडल्या गेलेल्या कर्माची दक्षिणा

फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, ही गीतेची शिकवण मजुरीवर राबणाऱ्या माणसाला नेमक्या कोणत्या अर्थाने लागू पडते, हा प्रश्न मराठीतील विपुल गीताचिंतनात जितक्या ठळकपणे पुढे यायला हवा होता तितका आलेला दिसत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाचा पुरस्कार केला, तो लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी टिकावी आणि लोक सन्मार्गाला लागावेत यासाठी, झटणाऱ्या ज्ञानी पुरुषाला समोर ठेवून; विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत कष्टाच्या कामाला मोठा मान मिळाला, परंतु तेथेही कर्माकडे मुख्यतः साधकाच्या बाजूने पाहिलेले आहे. दुसऱ्याच्या जागेवर, दुसऱ्याने काढलेल्या नकाशाप्रमाणे आणि दुसऱ्याने आणलेल्या मालातून जो काम उभे करतो, आणि काम उभे राहिल्यावर ज्याला त्या जागेत पाऊल ठेवण्याचेही कारण उरत नाही, अशा माणसाने फळ सोडावे असे म्हणताना त्याच्या हाती मुळात कोणते फळ होते याचा विचार आधी करावा लागतो, कारण जे आपले आहे त्याचाच त्याग करता येतो.

हा विचार कोणत्याही एका व्यवसायाच्या आधाराने करता येईल, तथापि इमारतीचे लोखंडकाम त्यासाठी विशेष योग्य आहे, आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके त्या कामाच्या सर्व प्रकारांनी भरलेले आहेत. अवर्षणाच्या या पट्ट्यात नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला, उसामागून माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने आले, आणि इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी वसवलेल्या वालचंदनगरात उसाच्या शेतीपासून सुरू झालेला उद्योग पुढे अवजड यंत्रनिर्मितीपर्यंत गेला, इतका की इस्रोच्या अग्निबाणांतील घन इंधनाच्या मोटारींची पोलादी आवरणे येथे तयार होऊ लागली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील उंच शेड, गावोगावी चढणारे मजले, भीमेवरील उजनीच्या जलाशयाकाठची बांधकामे आणि पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे पंढरपूरच्या दिशेने जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, या सर्वांच्या पोटात किंवा माथ्यावर लोखंड आहे, आणि ते लोखंड कोणी तरी हाताने वाकवले, उचलले, बांधले किंवा जोडले आहे.

या कामाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात काँक्रीटमध्ये घालायच्या सळयांचा सांगाडा बांधला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या सुमारे एक दशांशच असते, म्हणून जेथे ताण येणार तेथे सळई घालावी लागते. पोलाद आणि काँक्रीट उष्णतेने जवळजवळ सारख्या प्रमाणात प्रसरण पावतात, या योगायोगावर ही सगळी विद्या उभी आहे. १२ मिलिमीटर जाडीची १२ मीटर लांब सळई साडेदहा किलोंच्या वर भरते. अशा सळया खांद्यावरून आणून, मापाने तोडून, बाकावर वाकवून, खांबासाठी उभ्या सळयांभोवती चौकोनी रिंगा चढवून प्रत्येक छेदावर मऊ तारेची गाठ हुकाने पिळून घट्ट करायची असते, आणि चैत्र-वैशाखातील उन्हात हे काम करताना लोखंड उघड्या हाताला धरवत नाही. दुसऱ्या प्रकारात तुळया, चॅनेल, अँगल यांचे जोडकाम येते: कारखान्यात कापून, छिद्रे पाडून, वेल्डिंग करून तयार केलेले भाग साइटवर आणून क्रेनने चढवायचे, पायातील बोल्टांवर खांब ओळंब्यात उभा करायचा, आणि मग वर चढून कैची, म्हणजे छपराचा भार पेलणारी त्रिकोणांची जाळी, एकेका बोल्टाने जोडायची. साखर कारखान्यात हे काम बहुतेक गळीत हंगाम संपल्यावर, उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान, मुदतीच्या घाईत होते.

पहिल्या प्रकारातील कामाचे एक वैशिष्ट्य तत्त्वचिंतकाने थांबून पाहण्यासारखे आहे, ते असे की हे काम पूर्ण झाले याचा अर्थच ते दिसेनासे झाले. सळई उघडी राहिली तर हवा आणि ओल यांनी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. उलट काँक्रीटच्या अल्कधर्मी आवरणात ती सुरक्षित राहते, म्हणून खांबात साधारणपणे ४० मिलिमीटर, पायात ५० मिलिमीटर असे आवरण सोडावे लागते आणि ते सुटावे म्हणून सळयांखाली छोटे ठोकळे ठेवावे लागतात. अर्थात झाकले जाणे हा येथे अपघात नाही, कामाचीच ती अट आहे. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने दगडी मंदिर उजनीच्या पाण्याखाली गेले, तरी दुष्काळाच्या वर्षी पाणी उतरल्यावर ते बाहेर येते आणि ते घडवणाऱ्या पाथरवटाच्या छिन्नीचे काम शतकांनंतरही पाहता येते. सळई बांधणाऱ्याच्या कामाच्या वाट्याला हे कधीच येत नाही, कारण त्याची गाठ पुन्हा उजेडात आली तर ती इमारत पाडली जात असते किंवा कोसळलेली असते.

गाठ पिळणे आणि काँक्रीट ओतणे यांच्या मध्ये काही तासांचा अवधी असतो, त्यात अभियंता येऊन पाहतो, मोजतो, सही करतो, पण शेकडो रिंगांतील प्रत्येक रिंग तो पाहू शकत नाही. भूकंपरोधक बांधणीच्या मानकाप्रमाणे रिंगेची दोन्ही टोके १३५ अंशांत आत वळवून खांबाच्या गाभ्यात घुसवायची असतात. ती ९० अंशांतच सोडली तर वेळ आणि मेहनत वाचते आणि रोजच्या वापरात इमारतीला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो जमीन हादरते त्या दिवशी, जेव्हा बाहेरचे आवरण गळून पडते, ९० अंशांची टोके उघडतात, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब बसतो. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्याच्या स्मरणात आहे अशा प्रदेशात हा भेद काल्पनिक मानता येत नाही, आणि तरीही बहुसंख्य इमारतींच्या आयुष्यात तो दिवस येणारच नाही, म्हणजे नीट वळवलेल्या टोकाचे फळ बहुधा कोणालाही, वळवणाऱ्यालासुद्धा, दिसणार नाही.

पूर्वमीमांसा या दर्शनाने, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राने, नेमका असाच एक पेच सोडवण्यासाठी ‘अपूर्व’ ही कल्पना मांडली. यज्ञ आज होतो आणि संपतो, त्याचे फळ पुष्कळ काळानंतर मिळते असे श्रुती सांगते, तर मधल्या काळात कर्म कोठे असते, असा तो पेच होता. मीमांसकांचे उत्तर असे की विधिपूर्वक केलेल्या कर्मातून एक अदृश्य सामर्थ्य निर्माण होते, ते टिकून राहते आणि वेळ आल्यावर फळ देते, आणि कर्मातील एखादे अंग वगळले तर हे सामर्थ्य अपुरे राहते, जरी वगळल्याचे त्या क्षणी कोणाला जाणवले नाही तरी. यज्ञाच्या बाबतीत अपूर्व मानावे की नाही यावर दर्शनांचा वाद आहे. पण नीट वळवलेल्या रिंगेच्या बाबतीत असे अदृश्य, संचित आणि वाट पाहणारे सामर्थ्य असते हे यंत्रशास्त्र मोजून दाखवते. म्हणून कोणाचे लक्ष नसतानाही शेवटची रिंग पहिलीसारखीच वळवणारा कामगार गीतेच्या भाषेत खरोखर काहीतरी अर्पण करतो, आणि ते अर्पण त्याच्या मजुरीचे नसते, कारण मजुरी तर वजनावर म्हणजे टनावर किंवा दिवसाच्या हजेरीवर ठरलेली असते आणि टोक कितीही अंशांत वळले तरी ती बदलत नाही. तो सोडतो ती दखल, आणि दखल न घेतली जाण्याची खात्री असतानाही काम नीट करणे यापलीकडे निष्कामतेची आणखी कठोर कसोटी शोधणे अवघड आहे.

हे कर्म कोण पाहतो, या प्रश्नाला भक्तिपरंपरेचे उत्तर तयार आहे. इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला, भीमा-नीरेच्या संगमावर, नीरा नरसिंहपूर हे अनेक मराठी कुळांच्या कुलदैवताचे क्षेत्र आहे, आणि नरसिंहाची कथा ही मुळात खांबात देव आहे की नाही या वादाची कथा आहे. प्रल्हादाचा दावा इतकाच की जे सर्वत्र आहे ते खांबातही आहे. बृहदारण्यक उपनिषदातील अंतर्यामीची कल्पनाही याच दिशेची आहे: जो वस्तूच्या आत राहून तिचे नियमन करतो आणि जो त्या वस्तूलाही ठाऊक नसतो, असा साक्षी. श्रद्धावान कामगाराला या उत्तराने खरा आधार मिळतो, आणि तो हलका लेखणे हा उद्धटपणा होईल. परंतु देव पाहतो म्हणून माणसांनी पाहिले नाही तरी चालेल, असा अर्थ या उत्तरातून काढला जातो, आणि तेथे मात्र विवेकाला हरकत घ्यावी लागते.

त्या हरकतीचा आधारही शास्त्रातच आहे. यज्ञात आहुती टाकणारे, मंत्र म्हणणारे, वेदी मांडणारे हात ऋत्विजांचे, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांचे, असतात, मग फळ त्यांना का मिळत नाही आणि ज्याच्यासाठी यज्ञ होतो त्या यजमानाला का मिळते, असा प्रश्न पूर्वमीमांसेचा सूत्रकार जैमिनी याच्या सूत्रांवरील चर्चेत उपस्थित झाला. उत्तर असे दिले गेले की यजमानाने ऋत्विजांना दक्षिणा देऊन त्या कामासाठी ‘परिक्रीत’ केलेले असते, म्हणजे त्यांचे श्रम मोबदला देऊन मिळवलेले असतात, म्हणून करणारे हात त्यांचे असले तरी कर्म यजमानाचे ठरते. फळाचा हक्क यजमानाकडे जाण्याची वाट दक्षिणेतून जाते, दक्षिणा नसेल तर ती वाटच नाही. बांधकामाची रचना हुबेहूब अशीच आहे: शेड कारखानदाराची, घर घरमालकाचे, रस्ता शासनाचा असे आपण म्हणतो ते मजुरी चुकती झाली आहे या गृहीतावर, आणि ठेकेदार, त्याखालचा पोटठेकेदार, त्याखालचा मुकादम अशा उतरंडीत कुठे तरी मजुरी अडकली, उचलीच्या म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशाच्या हिशेबात गिळली गेली किंवा पावसाळ्यात काम थांबल्याचे निमित्त करून बुडवली गेली, तर कायद्याने काहीही असो, मीमांसेच्या न्यायाने ती वास्तू मालकाची झालेली नसते.

येथेच गीतेतील एका स्थळाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण फलत्यागाच्या श्लोकांइतके ते उद्धृत होत नाही. सतराव्या अध्यायात यज्ञाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगताना तामस यज्ञाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत विधी आणि मंत्र नसणे व श्रद्धा नसणे यांच्या जोडीला अन्न न वाटणे आणि दक्षिणा न देणे ही दोन लक्षणे स्पष्टपणे येतात. फळाची आशा न धरता केलेला यज्ञ सात्त्विक असे सांगून लगेच दोन श्लोकांनंतर दक्षिणाहीन यज्ञाला तामस म्हणणारा ग्रंथ फळ आणि दक्षिणा या दोन गोष्टी वेगळ्या मानतो, यात शंका राहत नाही. फळ हे यजमानाचे असते आणि ते सोडावे की नाही हा त्याच्या साधनेचा प्रश्न असतो. दक्षिणा ही करणाऱ्याची असते आणि ती देणे हा यजमानाच्या धर्माचा प्रश्न असतो. मजुरी मागणाऱ्या कामगाराला ‘फळाची अपेक्षा धरू नये’ असे ऐकवणारा माणूस दुसऱ्याच्या दक्षिणेला फळ समजतो आणि स्वतःच्या फळाला हात लावत नाही, म्हणजे शिकवण दोन्ही बाजूंनी उलटी करतो. निष्कामता करणाऱ्याने आपण होऊन द्यायची वस्तू आहे. ती त्याच्याकडून वसूल करता येत नाही.

हे सर्व मांडताना मीमांसेची एक मोठी उणीव झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल, ती ही की जैमिनीने शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारला, म्हणजे ज्यांच्या श्रमाविषयी येथे बोलणे चालले आहे त्यांच्या पूर्वजांना या व्यवस्थेने यजमानही होऊ दिले नाही आणि ऋत्विजही. त्याच सूत्रांत बादरी नावाच्या आचार्याचे वेगळे मत नोंदलेले आहे, आणि ते असे की फळाची इच्छा ज्याला आहे त्या सर्वांना अधिकार असावा. हे मत खोडून काढले गेले, पण पुसले गेले नाही, आणि आज या शास्त्राकडून काही घ्यायचे असेल तर बादरीच्या बाजूला उभे राहूनच घेता येईल.

नाकारलेल्या अधिकाराची किंमत काय होती हे चोखामेळ्याच्या मरणातून कळते. वारकरी संतांमध्ये महार जातीत जन्मलेल्या चोखोबांचा मृत्यू परंपरेनुसार शके १२६० मध्ये, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून, इतर मजुरांसोबत दबून झाला. पुढे नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातील ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरात महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली, असे परंपरा सांगते. मराठी भक्तिपरंपरेतील हा एकमेव बांधकाम-अपघात नसेल, पण नाव लागलेला हा सर्वांत जुना म्हणावा लागेल, आणि त्याची कथा नामाच्या सामर्थ्याची म्हणूनच सांगितली जाते. ती तशी आहेच. तथापि ज्या हाडांतून नाम ऐकू आले नाही त्या मजुरांचे काय झाले, भिंत कोसळली ती कोणाच्या चुकीने, गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना गावकूस बांधायला कोणत्या हक्काने लावले होते, हे प्रश्न कथेने विचारले नाहीत, आणि पुढील सहा शतकांत ते फार थोड्यांनी विचारले. ज्या मंदिराच्या दारात समाधी होती त्या मंदिरात चोखोबांच्या जातीला प्रवेश मिळण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत चोखामेळा आहेत. त्याआधी १९४२ ते १९४६ या काळात तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, कारण भिंतीखाली दबलेल्या भक्ताची आठवण आणि भिंत बांधणाऱ्याच्या हक्काचा कायदा हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत.

तुकोबांची पालखी दरवर्षी आषाढीपूर्वी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत, बेलवाडी आणि इंदापूर येथे रिंगण करीत, सराटीला पादुकांना नीरेचे स्नान घालून अकलूजकडे जाते, आणि वारकरी शेवटी त्याच महाद्वारापाशी पोहोचतात. या वाटेवरच्या नव्या रस्त्यातील पुलांचे आणि भुयारी मार्गांचे सांगाडे बांधणारे हात मराठवाड्याचे, कर्नाटकाचे, बिहारचे, झारखंडचे, बंगालचेही असू शकतात. पैकी कित्येकांना विठ्ठल ठाऊक नसेल, आणि त्याने काहीही बिघडत नाही, कारण वारीने ज्यांचे ऋण मानायचे आहे त्यांनी वारकरी असावे अशी अट घालता येणार नाही. महाराष्ट्रातील कारागीर खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, पूर्वेकडून आलेले कामगार १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची करतात, आणि अनेक शेडमध्ये दोन्ही होतात; हुकाला, पान्याला, क्रेनला गंध-फूल वाहिले जाते. या पूजेत कृतज्ञता खरी असते. पण गीतेने अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना कर्ता आणि करण, म्हणजे करणारा आणि त्याचे साधन, ही दोन वेगळी मोजली आहेत, आणि कामाच्या दरपत्रकात मात्र माणूस आणि यंत्र एकाच रकान्यात येतात. साधनाची पूजा होते त्या दिवशी कर्त्याकडे कर्ता म्हणून पाहिले जाते का, हा प्रश्न धर्माचाच आहे.

उंचीवरील कामात हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. कैचीवर बसून बोल्ट आवळणाऱ्याला पट्टा आणि तो अडकवायला पक्की दोरी मिळाली नाही, तर त्याची निष्ठा, त्याची श्रद्धा आणि त्याचे कौशल्य यांपैकी काहीही त्याला खाली पडण्यापासून वाचवीत नाही. धाडस हा या व्यवसायाचा अलंकार मानला जातो, आणि पट्टा न लावता तुळईवरून चालणाऱ्याचे कौतुक त्याचे सोबतीही करतात; या कौतुकाला निमित्तमात्र होण्याच्या, सर्व भार देवावर टाकण्याच्या शिकवणीचा टेकू देणे हा त्या शिकवणीचा फार वाईट उपयोग आहे. मीमांसकांनी याबाबतीत दाखवलेली सूक्ष्मता आश्चर्य वाटावी अशी आहे. ऋत्विज म्हणतो त्या मंत्रांतील आशीर्वादाचे फळ सामान्यतः यजमानाला मिळते असे ठरवल्यावर त्यांनी एक अपवाद मान्य केला, तो असा की अग्नीचा ताप मला न होवो अशा आशयाचे जे मागणे अध्वर्यू, म्हणजे यज्ञाची प्रत्यक्ष कृती करणारा ऋत्विज, करतो, ते मागणे त्याच्या स्वतःसाठीच आहे, कारण तो सुखरूप राहिला तरच कर्म तडीस जाईल. सगळे फळ यजमानाला देऊन टाकणाऱ्या शास्त्रानेही करणाऱ्याच्या शरीराची सुरक्षितता त्याच्याकडून काढून घेतली नाही.

संसदेने १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी केलेल्या कायद्यामागे, त्याच्या कर्त्यांच्या मनात हे शास्त्र असण्याचे कारण नसले तरी, याच न्यायाची रचना होती: बांधकामाच्या खर्चावर उपकर मालकाकडून घ्यायचा आणि राज्याच्या कल्याणकारी मंडळामार्फत नोंदणीकृत कामगाराच्या आजारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, अपघातातील भरपाईसाठी वापरायचा. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जो चार महिन्यांत तीन साइट बदलतो, ज्याचा खरा मालक त्याला माहीत नसतो आणि ज्याचे काम काँक्रीटखाली गेलेले असते, त्याने ९० दिवसांचा साक्षीदार आणायचा कोठून, ही अडचण कार्यालयीन दिसते, पण साक्षीच्या ज्या प्रश्नाचा वर विचार झाला तोच प्रश्न येथे व्यवहाराच्या पातळीवर उभा राहतो, आणि येथे अंतर्यामीची साक्ष चालत नाही. मुकादमाच्या वहीत नाव लिहिले जाणे, ते खरे लिहिले जाणे आणि त्याची प्रत कामगाराच्या हाती असणे, ही मागणी म्हणून धार्मिक दृष्टीनेही क्षुल्लक नाही.

दक्षिणेशिवाय श्रम घेण्याचा एक वैध प्रकार शास्त्राला माहीत आहे, तो ‘सत्र’ या दीर्घ यज्ञाचा. सत्रात किमान सतरा जण एकत्र येतात, त्यांच्यापैकीच काही ऋत्विजांची कामे करतात, पण सर्वच यजमान असतात, सर्वांनाच पूर्ण फळ मिळते, आणि म्हणून तेथे कोणी कोणाला दक्षिणा देत नाही. गावच्या देवळाच्या सभामंडपासाठी गावकऱ्यांनी केलेले श्रमदान या जातीचे आहे आणि ते निर्दोष आहे. बारामती-इंदापूर हा तर सहकाराचा प्रदेश. ऊस उत्पादक सभासदाने आपल्या कारखान्यासाठी खाल्लेल्या खस्ता सत्राच्या न्यायाने समजून घेता येतात, कारण कारखाना त्याचाही असतो. मात्र त्याच कारखान्याच्या बॉयलर-हाऊसची कैची चढवणारा माणूस त्या सत्राचा सभासद नसतो, त्याच्यासाठी तो कारखाना यजमानच असतो, आणि सहकाराच्या आपलेपणाची भाषा त्याच्याकडून अधिक तास किंवा कमी दर घेण्यासाठी वापरली गेली तर ती सत्राची भाषा उसनी घेऊन यज्ञाची दक्षिणा चुकवणे ठरते. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्थांना शासकीय कामांतील काही वाटा राखून ठेवण्याची पद्धत आहे, आणि कल्पनेने पाहता ती बादरीच्या मताला सर्वांत जवळची आहे, कारण तीत राबणाराच काम घेणारा होतो. अशी संस्था जेव्हा केवळ ठेकेदाराच्या नावाची आड होते आणि सभासद कागदावरच राहतात, तेव्हा मात्र ती कामगाराला सत्रातूनही आणि दक्षिणेतूनही बाहेर ठेवते. सळई बांधणारे, कैची चढवणारे आणि वेल्डिंग करणारे स्वतः भागधारक असलेली, दर स्वतः ठरवणारी आणि पट्ट्या-दोऱ्यांचा खर्च कामाच्या किमतीत आधी धरणारी संस्था या दोन तालुक्यांत, जेथे शेतकऱ्याने हे सत्तर वर्षांपूर्वी साध्य करून दाखवले, उभी राहणे अशक्य मानण्याचे कारण दिसत नाही. आणि ती उभी राहीपर्यंत तरी घर, शेड किंवा पूल ज्याच्या नावावर आहे त्यानेच आपल्या कामावर कोण होते, त्यांची मजुरी शेवटपर्यंत पोहोचली का आणि कोणी जखमी होऊन परत गेले का, हे मुकादमाला विचारायचे आहे, वास्तुशांतीच्या आधी.